‘मिळायला हवा होता’ : पुरस्कारविषयक मत आणि तुलनेचे एकक

मराठी व्याकरणात विध्यर्थ या नावाने ओळखले जाणारे क्रियारूप एकाच वेळी इच्छा, कर्तव्य, योग्यता आणि शक्यता असे अनेक अर्थ वाहून नेते. ‘हा पुरस्कार अमुक चित्रपटाला मिळावा’ या वाक्यात बोलणाऱ्याची इच्छा आहे, परीक्षकांना घातलेले कर्तव्य आहे, चित्रपटाच्या योग्यतेविषयीचे विधान आहे आणि काही वेळा निव्वळ अंदाजही आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, कानचा महोत्सव किंवा ऑस्कर यांच्या निमित्ताने दरवर्षी जी मते मांडली जातात त्यांत हे अर्थ एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मत देणाऱ्यालाही ते वेगळे करून दाखवणे अवघड जावे. निकाल लागल्यावर ‘मिळावा’चे ‘मिळायला हवा होता’ होते. त्यातील अंदाजाचा भाग तेव्हा गळून पडतो, मात्र इच्छा आणि योग्यता यांची सरमिसळ कायम राहते, आणि तिच्यात तक्रारीची भर पडते.

अशा मतांकडे गंभीर समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. त्यांची गणना वृत्तपत्रीय लेखनात होते आणि बहुतेक वेळा ती योग्यही असते. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता पुरस्कारविषयक मत हे अस्सल मूल्यविधान आहे. सौंदर्यविधान व्यक्तिनिष्ठ असूनही सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगते हा कांटचा सिद्धान्त मराठी वाचकाला प्रामुख्याने रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे परिचित आहे. ‘मला हा चित्रपट आवडला’ असे म्हणणारा मनुष्य इतरांवर कोणतेही बंधन घालत नाही. ‘यालाच मिळायला हवा होता’ असे म्हणणारा मात्र ते घालतो. आपली आवड इतरांनी मान्य करावी एवढ्यावर तो थांबत नाही. ती मान्य न करणाऱ्यांकडून चूक झाली, असेही तो सुचवतो. हा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा म्हणता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. सौंदर्यविधानाचा विषय एक कलाकृती असते. पुरस्कारविषयक मत मात्र मुळातच तौलनिक असते, आणि ही तुलना कोणत्या चौकटीत करायची हे मत देणाऱ्याने ठरवलेले नसते. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्व भारतीय भाषांतील चित्रपटांमधून एक सर्वोत्कृष्ट निवडला जातो आणि त्यासोबत भाषावार पुरस्कारही असतात. ऑस्करच्या ज्या विभागाला २०२० च्या सोहळ्यापासून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ असे नाव मिळाले, आणि जो त्यापूर्वी ‘परभाषीय चित्रपट’ या नावाने ओळखला जात असे, त्यात प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो. कानच्या स्पर्धेत चित्रपट निवडला जातो तो प्रामुख्याने दिग्दर्शकाची कृती म्हणून. भाषा, राष्ट्र आणि कर्ता ही तुलनेची तीन वेगवेगळी एकके आहेत. साहित्याच्या तौलनिक अभ्यासाला ती अपरिचित नाहीत. साहित्य अकादमीचा पुरस्कार भाषेला धरून दिला जातो आणि नोबेल कर्त्याला धरून. एका एककात बसवलेले मत दुसऱ्या एककातील निकालावर लादले की वाद अटळ होतो. मराठीच्या संदर्भात असे तीन प्रसंग विशेष बोलके आहेत.

पहिला प्रसंग पुरस्कारांच्या आरंभाचाच आहे. १९५३ च्या चित्रपटांसाठी १९५४ मध्ये देण्यात आलेले राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक प्र. के. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, आणि त्याच वर्षी कान येथे त्या चित्रपटाचा गौरव झाला. जागतिक चित्रपटाच्या इतिहासात ‘दो बिघा जमीन’चे स्थान आज पक्के आहे, त्यामुळे पहिले सुवर्णपदक त्याला मिळायला हवे होते असे म्हणणे अगदी सोपे झाले आहे. परंतु हे मत पश्चात्‌बुद्धीतून आलेले आहे. नववास्तववादाच्या परंपरेत बसणारा चित्रपट श्रेष्ठ, हा निकष त्यात गृहीत धरलेला असतो. ‘श्यामची आई’चे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. साने गुरुजींचे पुस्तक वाचून वाढलेल्या प्रेक्षकाच्या स्मृतीशी हा चित्रपट संवाद करतो. ती स्मृती नसलेल्या प्रेक्षकाला त्यातील कितीतरी प्रसंग नुसतेच बोधपर वाटण्याची शक्यता आहे. चित्रपटाबाहेरच्या ग्रंथावर इतके अवलंबून असणे हा दोष मानावा की गुण, हे ठरवल्याशिवाय या दोन चित्रपटांची तुलना पुढे सरकत नाही. या दोहोंत ‘दो बिघा जमीन’ हीच अधिक स्वयंपूर्ण कृती आहे, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र स्वयंपूर्णता हे कलेचे एकमेव मूल्य आहे काय, हा पाटणकरांच्या द्विध्रुवात्मकतेच्या मांडणीने उभा केलेला प्रश्न येथे तसाच उरतो. (सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला २०२३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर झाला. सात दशकांनंतरही त्या ग्रंथाची स्मृती परीक्षकांपर्यंत पोहोचते, एवढे यावरून दिसते.)

दुसरा प्रसंग ‘श्वास’चा. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २००४ मध्ये जाहीर झाला. ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी हा मान मराठीकडे आल्याचा आनंद मोठा होता. पाठोपाठ ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून ‘श्वास’ची निवड झाली आणि अमेरिकेतील प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी महाराष्ट्रात सार्वजनिक वर्गणी गोळा झाली. एखाद्या चित्रपटाविषयीचे मत वर्गणीच्या रूपात व्यक्त व्हावे, ही घटना अभिरुचीच्या समाजशास्त्राच्या दृष्टीने असामान्य म्हणावी लागेल. चित्रपटाला नामांकन मिळाले नाही तेव्हा त्याची कारणमीमांसा प्रामुख्याने पैसा आणि प्रचारयंत्रणा यांच्या भाषेत झाली. ही कारणे खोटी नव्हेत. ऑस्करची मतदानप्रक्रिया प्रचारावर किती अवलंबून असते हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या वर्षी नामांकन कोणत्या पाच चित्रपटांना मिळाले, आणि ‘श्वास’ त्यांच्याशेजारी ठेवल्यास काय दिसते, ही तुलना दूरच राहिली.

ही तुलना करण्यासारखी आहे, कारण योगायोगाने त्या पाचांतील दोन चित्रपट ‘श्वास’प्रमाणेच आजार, देह आणि निर्णय यांच्याभोवती फिरतात. विजेता ठरलेला अलेहान्द्रो आमेनाबार यांचा स्पॅनिश ‘द सी इनसाइड’ हा मानेखाली लुळ्या पडलेल्या आणि मरणाचा हक्क मागणाऱ्या माणसाचा चित्रपट आहे. डॅरेल रूट यांच्या ‘यस्टरडे’ या दक्षिण आफ्रिकेच्या झुलू चित्रपटाची नायिका खेड्यातील एक एचआयव्हीबाधित स्त्री आहे. दवाखाना गाठण्यासाठी तिला मैलोन्‌मैल चालावे लागते आणि रांग लांब असल्यामुळे तपासणी न होताच परतावे लागते. तिचा नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला आहे. मुलगी शाळेत जाईपर्यंत जगावे, एवढीच तिची इच्छा आहे. ‘श्वास’मध्ये कोकणातील आजोबा नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितले गेले पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह आहे.

‘यस्टरडे’मधील आजाराला इतिहास आहे. तो पुरुषांच्या स्थलांतरित मजुरीतून, खाणीच्या अर्थव्यवस्थेतून खेड्यात पोहोचतो. ‘श्वास’मधील आजार निसर्गातून येतो आणि त्याला कोणीही जबाबदार नाही. त्यामुळे ‘यस्टरडे’ एका समाजाचे चित्र होते, तर ‘श्वास’ एका संभाषणाचे. मुलाला हे सांगायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत, हा त्याचा खरा गाभा आहे. डॉक्टरची शास्त्रीय नागर भाषा, रुग्णालयातील समाजसेविकेची मध्यस्थ भाषा, आजोबांची कोकणी वळणाची बोली आणि मुलाचे सात-आठ वर्षांच्या वयाचे जग, अशा चार पातळ्यांवरून एक वाक्य खाली उतरवायचे आहे आणि ते उतरत नाही. आजोबा अखेर सांगण्याऐवजी दाखवण्याचा मार्ग निवडतात. शस्त्रक्रियेच्या आधी ते मुलाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि शहर दाखवून आणतात. भाषा हरते तेथे दृश्य पुढे होते, आणि तेही लवकरच कायमचे नाहीसे होणारे दृश्य. चित्रपट या माध्यमाविषयीच हे काही सांगणे आहे. कोकणच्या पूर्वस्मृतींची काही दृश्ये कॅलेंडरवरच्या चित्रांकडे झुकतात, हा दोष मान्य करूनही ‘श्वास’ त्या पाचांत असायला हरकत नव्हती असे म्हणता येते. तो विजेत्याच्या बरोबरीचा होता, असे मात्र म्हणता येत नाही. ‘द सी इनसाइड’चा नायक आपल्या निर्णयाचा युक्तिवाद स्वतः करतो आणि प्रेक्षकाला विरोधी बाजूलाही उभे करतो. ‘श्वास’मध्ये निर्णय दुसऱ्याच्या वतीने घेतला जातो, आणि तो चूक असू शकेल ही शक्यता चित्रपटाने स्वीकारलेली नाही.

वर्गणी देणाऱ्या समाजाने ‘श्वास’ला मत दिले ते या कारणांसाठी दिले नाही. ‘मराठी चित्रपट’ या एककाला दिलेले ते मत होते. ते गैर नव्हे, पण ते चित्रपटाविषयीचे मतही नव्हे. या प्रकारच्या मताला आख्यायिकेचे रूप कसे मिळते, याचे ठळक उदाहरण ‘मदर इंडिया’चे आहे. १९५८ मध्ये फेलिनींच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’समोर तो केवळ एका मताने हरला, ही कथा आजवर असंख्य वेळा छापली गेली आहे. अकादमी मतांची संख्या जाहीर करीत नाही, तरीही तिच्या प्रसारात खंड पडलेला नाही. ‘कॅबिरिया’ न पाहिलेल्यांनाही ती ठाऊक असते.

तिसरा आणि सर्वांत गुंतागुंतीचा प्रसंग २०२४ चा आहे. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ला मे महिन्यात कान येथे ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. शाजी करुण यांच्या ‘स्वहम्’ (१९९४) नंतर तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. सप्टेंबरमध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या तेरा सदस्यांच्या समितीने एकोणतीस चित्रपटांतून ऑस्करसाठी निवड केली ती किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची. समितीतील सर्व सदस्य पुरुष होते याची चर्चा झाली. निवडपत्रात भारतीय स्त्रीचे वर्णन शरणागती आणि वर्चस्व यांचे अजब मिश्रण अशा अर्थाच्या शब्दांत केलेले होते, त्यावरही टीका झाली. कपाडियांचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे समितीला वाटले, असे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितल्याचे प्रसिद्ध झाले आणि वादाला तोंड फुटले.

या वादात दोन्ही बाजूंनी जी मते मांडली गेली ती तपासली असता एक विलक्षण गोष्ट दिसते. कपाडियांच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांचा मुख्य मुद्दा होता तो जिंकण्याच्या शक्यतेचा. कानने गौरवलेला चित्रपट पाठवला असता तर नामांकन जवळजवळ निश्चित होते, सबब तो पाठवायला हवा होता, असा हा युक्तिवाद. विध्यर्थातील शक्यतेचा अर्थ येथे योग्यतेचे सोंग घेऊन येतो. समितीवर पाश्चात्त्यांच्या नजरेचे ओझे बाळगल्याचा किंवा न बाळगल्याचा आरोप करणारे स्वतः पॅरिसच्या आणि लॉस एंजेलिसच्या अभिरुचीचा आधार घेत होते. उसने मत, मग ते कितीही बरोबर निघो, मत देणाऱ्याचे होत नाही.

दुसरीकडे ‘भारतीयत्व’ हा निकष समितीला नेमका कोठे सापडला, हेही पाहण्यासारखे आहे. ‘लापता लेडीज’ घडतो तो ‘निर्मल प्रदेश’ नावाच्या काल्पनिक राज्यात. घुंगटामुळे आगगाडीत दोन नववधूंची अदलाबदल होते, ही त्याची प्रहसनाला शोभणारी कल्पना आहे आणि तिची हाताळणी प्रसन्न आहे. चांगल्या लोककथेप्रमाणे तो चित्रपट कोठेही घडू शकतो, हेच त्याचे यश. ‘ऑल वुई इमॅजिन’ मात्र मुंबईत आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच घडू शकतो. ज्या चित्रपटातील स्थळ नकाशावर नाही तो प्रातिनिधिक, आणि ज्यातील चाळ, लोकल, रुग्णालय व पावसाळा मुंबईकराला ओळखू येतो तो युरोपीय, ही वर्गवारी चित्रपटाच्या आशयावरून केलेली दिसत नाही. ती केली गेली असावी लयीवरून. कपाडियांचा चित्रपट संथ आहे, त्यातील घटना अर्धवट सोडून दिल्या जातात आणि संवादांपेक्षा शांतता अधिक बोलते. या लयीला युरोपीय म्हणायचे तर मणी कौल, कुमार शहानी आणि अरविंदन यांचे काय करायचे? देशीवादाची जी मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी साहित्याच्या संदर्भात केली तिच्यात देशीपण हे भूमी, भाषा आणि परंपरा यांच्याशी असलेल्या नात्यावर ठरते. शैलीचा वेग हा तिच्यातला निकष नव्हे. त्या निकषांवरही हा चित्रपट परका ठरवणे कठीण जाईल.

राष्ट्र हे एकक किती ठिसूळ आहे, याचा पुरावा त्याच वर्षीच्या स्पर्धेने दिला. कपाडियांचा चित्रपट फ्रान्सच्या सहनिर्मितीमुळे तेथील निवड समितीच्या अंतिम चार चित्रपटांत होता. फ्रान्सने अखेर जाक ओदियार यांचा ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. त्याचे कथानक मुख्यतः मेक्सिकोत घडते आणि भाषा स्पॅनिश आहे. ब्रिटनने संध्या सूरी यांचा हिंदी ‘संतोष’ पाठवला आणि तो पंधरा चित्रपटांच्या यादीत आला. भारताचा ‘लापता लेडीज’ त्या यादीत आला नाही. पुरस्कार मिळाला ब्राझीलच्या वॉल्टर सॅलस यांच्या ‘आय अॅम स्टिल हिअर’ला. परभाषा या शब्दाऐवजी आंतरराष्ट्रीय हा शब्द आल्याने काही बदलले असे मानणाऱ्यांनी नायजेरियाच्या ‘लायनहार्ट’ची आठवण ठेवावी. नाव बदलल्याच्या वर्षीच, २०१९ मध्ये, त्यातील बहुतांश संवाद इंग्रजी असल्याच्या कारणावरून तो बाद करण्यात आला. इंग्रजी ही नायजेरियाची अधिकृत भाषा आहे.

तेव्हा ‘ऑल वुई इमॅजिन’ निवडला जायला हवा होता काय, याचे उत्तर कान आणि संभाव्य नामांकन बाजूला ठेवून दिले पाहिजे. ते होकारार्थी आहे, आणि त्याची कारणे चित्रपटाच्या भाषाव्यवहारात आहेत. मल्याळी परिचारिका प्रभा आणि अनू एकमेकींशी मल्याळमध्ये बोलतात, रुग्णालयात हिंदीत. मुंबईत जीव न रमणारे डॉक्टर मनोज यांना हिंदी जमत नाही, पण प्रभेसाठी ते मल्याळममध्ये कविता लिहितात. स्वयंपाकी पार्वती मूळची रत्नागिरीची. घराची कागदपत्रे नसल्यामुळे बिल्डरसमोर तिचे काहीच चालत नाही आणि ती गावी परतते. गिरण्यांच्या काळापासून कोकणी माणूस मुंबईला येत राहिला आणि चाकरमानी होऊन सणाला गावी जात राहिला. पार्वतीचा प्रवास हा त्या प्रवासाचा शेवट आहे, कारण तिला परत यायचे नाही. ‘श्वास’मधले आजोबा ज्या किनाऱ्यावरून शहरात आले, त्याच्याच आसपास पार्वती शहर सोडून पोहोचते. तिला सोडायला आलेल्या दोघी तेथील भाषेच्या दृष्टीने परक्या आहेत. समुद्रातून बाहेर काढलेल्या माणसाला प्रभा वाचवते, आणि गावातील स्त्री तिला त्याची बायको समजते. प्रभा हा गैरसमज दुरुस्त करीत नाही. मग तो माणूस तिच्या दूर गेलेल्या नवऱ्याच्या जागी येतो आणि तिच्याशी मल्याळममध्ये बोलू लागतो. मराठी गावात, गैरसमजाच्या आडोशाने, तिला तिच्या भाषेतला निरोप मिळतो. बहुभाषिक चित्रपट अनेक असतात. भाषांमधल्या फटीतून कथानक घडवणारे थोडेच.

इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबणाऱ्या परीक्षकाला या फटी दिसणे कठीण, कारण उपशीर्षकात सर्व भाषा एक होतात. शीर्षकाचीच गोष्ट घ्यावी. केरळमध्ये हा चित्रपट ‘प्रभयाय् निनच्चतेल्लाम’ या नावाने प्रदर्शित झाला. त्यातील ‘प्रभा’ म्हणजे प्रकाश, आणि तेच नायिकेचे नाव. इंग्रजी शीर्षकात प्रकाश उरतो, नायिका निघून जाते. मराठी वाचकाला मात्र हा श्लेष अनुवादाशिवाय कळतो, तसा तो बंगाली वा कन्नड वाचकालाही कळेल. भारतीयत्वाचा निकष लावायचाच होता तर तो येथे सापडला असता.

याच ठिकाणी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे उदाहरण आडवे येते. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांतील हा चित्रपट. त्याला २०१४ मध्ये व्हेनिस येथे गौरव मिळाला, त्या सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये भारताची प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली. लयीच्या दृष्टीने तो कपाडियांच्या चित्रपटाहून कमी संथ नाही. त्या वर्षीच्या समितीला तो युरोपीय वाटला नाही, किंवा वाटला तरी तो अडथळा ठरला नाही. त्यामुळे २०२४ च्या निवडीचे खापर व्यवस्थेवर फोडून मोकळे होता येत नाही. तीच व्यवस्था, तेच नियम. भिन्न होती ती माणसे आणि त्यांची मते. नामांकन ‘कोर्ट’लाही मिळाले नाही, आणि त्यावर फारसे कोणी ‘मिळायला हवे होते’ म्हटले नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या खटल्यात वकील, न्यायाधीश आणि आरोपी एकमेकांच्या भाषांच्या कडेने बोलत राहतात. सरकारी वकील असलेली नूतन न्यायालयाबाहेर कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडवणारे मराठी नाटक पाहते आणि हसते. त्या प्रेक्षागृहातील हशा ऐकताना मराठी प्रेक्षकाने काय करावे, हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या बाजूने वर्गणी निघाली नाही, याचे कारण त्या प्रसंगात शोधता येईल.